‘जेस्ट’, चेष्टा आणि बागबाजार

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी, बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीचे नाव ‘मराठा डिच लेन’ असे आहे. डिच म्हणजे खंदक. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांच्या हाताखाली मराठी फौजा बंगाल्यात उतरल्या, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्याचे काम हाती घेतले. सुमारे तीन मैल खणून झाले. मराठे काही शहरावर चालून आले नाहीत आणि काम तसेच राहिले. पुढे १७९९ मध्ये या खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यात आला. खंदक गेला, पण त्याचे नाव मात्र मागे राहिले. मुंबई-मद्रासकडचे इंग्रज कलकत्त्यातील आपल्या भाईबंदांना ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, असे म्हणू लागले. ज्या शत्रूने कधी पाऊलही ठेवले नाही त्याच्या भीतीने खड्डा खणून बसलेली माणसे, असा त्यातला खोचक भाव होता. परंतु त्यावरून कोणी कोणावर तलवार उपसली नाही. अशा बोलण्याला त्या काळच्या इंग्रजीत ‘जेस्ट’ म्हणत.

आज हा शब्द जुना झाला आहे. इंग्रजी बोलणारा माणूस ‘जोक’ म्हणतो. ‘जेस्ट’ त्याला पुस्तकात भेटतो, किंवा ‘इन जेस्ट’ या जोडशब्दात. आपल्या शाळांतून त्याचे भाषांतर ‘थट्टा’ असे करून पुढे जाण्याचा प्रघात आहे. भाषांतर चूक नाही, पण अपुरे आहे. जोक ही एक वस्तू आहे. ती एकाकडून ऐकावी, दुसऱ्याला सांगावी, वहीत उतरून ठेवावी. जेस्ट ही बहुतकरून बोलण्याची तऱ्हा आहे. तेच वाक्य गंभीरपणे म्हटले तर अपमान ठरते आणि जेस्टमध्ये म्हटले तर हसू उमटते. शब्द बदलत नाहीत, त्यांच्यामागचा हेतू बदलतो.

पूर्वी मात्र जेस्टही वस्तूच होती. १५२६ साली लंडनात शंभर गमतीदार गोष्टींचे एक पुस्तक निघाले. अशा संग्रहांना जेस्ट-बुक म्हणत. १७३९ मध्ये जो मिलर नावाच्या दिवंगत नटाच्या नावावर असाच एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील चुटके इतके खपले की पुढे कोणत्याही शिळ्या विनोदाला इंग्रज लोक ‘जो मिलर’ म्हणू लागले. बिचाऱ्या मिलरने ते चुटके लिहिलेही नव्हते. ‘जोक’ हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला, त्याने वस्तूचा अर्थ हळूहळू आपल्याकडे ओढून घेतला, आणि ‘जेस्ट’जवळ उरली ती वृत्ती.

या शब्दाचे मूळ पाहिले म्हणजे मराठी माणसाने थबकावे अशी एक गोष्ट आढळते. लॅटिन भाषेत ‘गेस्ता’ म्हणजे केलेली कृत्ये, पराक्रम. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘जेस्त’ म्हणजे वीरांच्या पराक्रमाचे आख्यान. इंग्रजीत हा शब्द शिरला तो याच अर्थाने, आणि ‘जेस्टर’ म्हणजे प्रथम असली आख्याने गाणारा, आपल्या भाषेत म्हणायचे तर पोवाडा गाणारा शाहीर. मग आख्यानात अतिशयोक्ती आली, अतिशयोक्तीची फोल कथा झाली, फोल कथेची टर उडू लागली, आणि सोळाव्या शतकापर्यंत शाहिराच्या डोक्यावर विदूषकाची टोपी चढली. ‘जेस्चर’, म्हणजे हावभाव, हा शब्दही त्याच कुळातला.

आता आपला ‘चेष्टा’ हा शब्द घ्यावा. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, कृती, अंगविक्षेप. मराठीत तिचा अर्थ झाला थट्टा. लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषांनी एकमेकींस न विचारता ‘कृती’ या अर्थाचा शब्द घेतला आणि त्यांच्या वंशजांनी त्याचे ‘हसे’ केले. उच्चारातील साम्य योगायोगाचे आहे, नाते लावू नये. पण अर्थाचा प्रवास मात्र एकाच वाटेने झालेला दिसतो. माणसाच्या कृतीचे अनुकरण करून दाखविले की हशा पिकतो, हे रोममध्येही खरे होते आणि आपल्या गावच्या पारावरही खरे आहे.

आणि बंगालीत? तेथे याच शब्दाने निराळीच वाट धरली. बंगालीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. बागबाजारातला दुकानदार हवी ती वस्तू मिळवून देण्याची ‘चेष्टा’ करतो असे म्हणेल, तेव्हा नव्याने तेथे गेलेला मराठी माणूस मनातून चमकतो. उलट ‘तमाशा’ हा शब्द. आपल्याकडे तो ढोलकी, गण-गौळण आणि वग यांची आठवण करून देतो; बंगालीत ‘ठाट्टा-तामाशा’ म्हणजे निव्वळ थट्टामस्करी. ‘ठाट्टा’ ही आपलीच थट्टा आणि ‘मश्करा’ ही आपलीच मस्करी, मूळची अरबी. एकाच माहेरच्या लेकी दोन प्रांतांत दिल्या गेल्या आणि दोघींच्या घरच्या रीती वेगळ्या झाल्या, असा हा प्रकार आहे.

मराठीत या शब्दांची उतरंड मोठी आहे. थट्टा बरोबरीच्या माणसांत चालते. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, विहिणी-विहिणी यांच्यात तर तिला रूढीचाच परवाना आहे. मस्करी थोडी सैल, थोडी अंगलट जाणारी. चेष्टेला नेहमी कोणी तरी एक लक्ष्य लागते. टिंगल आणि टवाळी यांत लक्ष्य झालेल्या माणसाला हसण्यात वाटा मिळत नाही, आणि कुचेष्टेत तर त्याला दुखविणे हाच उद्देश असतो. परिहास हा पुस्तकी. उपहास हा हेतू धरून केलेला. या उतरंडीत जेस्टची जागा थट्टेच्या बाजूला आणि चेष्टेच्या अलीकडे आहे. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्यालाही हसता आले पाहिजे, ही तिची अट. अट मोडली की आपल्याकडे म्हणतात तशी ‘मस्करीची कुस्करी’ होते.

पण अट पाळली गेली की नाही, हे ठरवावयाचे कोणी? खरी अडचण येथे आहे. ‘इन जेस्ट’ हे शब्द इंग्रजीत बहुधा मागाहून येतात, बोलून चुकल्यावर. ते बोलण्याचे वर्णन नसते. तो एक बचाव असतो, किंवा निदान विनंती असते.

कालिदासाने हे फार पूर्वी ओळखले होते. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत आपल्या विदूषकाजवळ शकुंतलेवरील प्रेमाची कबुली देतो. मग त्याला राजधानीस परत पाठवावयाची वेळ येते, आणि हा वाचाळ ब्राह्मण अंतःपुरात सारे बोलून टाकील अशी भीती राजाला वाटते. म्हणून तो सांगतो की हे सगळे परिहासाने बोललो, खरे मानू नकोस. विदूषक ते खरे मानतो, म्हणजे परिहासच मानतो. पुढे शापामुळे राजाला विस्मृती होते, शकुंतला दरबारातून परत जाते, आणि सहाव्या अंकात राजा पश्चात्तापाने विचारतो की तू तरी मला आठवण का दिली नाहीस? तेव्हा विदूषक उत्तर देतो की आपणच तो परिहास असल्याचे सांगितले होते. साऱ्या राजवाड्यात एकच साक्षीदार होता, आणि त्याचे तोंड थट्टेच्या सबबीने बंद झाले होते. दुर्वासाच्या शापाची चर्चा सगळे करतात. या लहानशा असत्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. याच नाटकाचे सर विल्यम जोन्स यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १७८९ साली कलकत्त्यात छापले गेले, आणि मराठी रंगभूमीवर अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते १८८० मध्ये संगीतात आणले.

न्यायालयासमोरही हा प्रश्न येतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९५२ सालच्या डिसेंबरात दोन ओळखीचे गृहस्थ मद्य घेत बसले होते. त्यांपैकी एकाने आपली सुमारे ४७१ एकरांची शेतजमीन दुसऱ्याला ५०,००० डॉलरना विकत असल्याचे उपाहारगृहाच्या बिलाच्या पाठीवर लिहून दिले. पत्नीचीही सही घेतली. पुढे तो म्हणाला, ते सारे थट्टेने होते. १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्यवहार पक्का ठरविला. बोलणाऱ्याच्या पोटात काय होते हे न्यायालयास दिसत नाही. समोरच्या शहाण्या माणसाला त्यावरून काय वाटले असते, एवढेच पाहावयाचे. थट्टा करणाऱ्याने ती थट्टा आहे हे कळू दिले पाहिजे, मनातल्या मनात हसून भागत नाही, असा त्या निकालाचा इत्यर्थ.

बागबाजारच्या लोकांना ती कळू देण्याची कला चांगली अवगत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे भोला मोयरा नावाचा कवियाल होऊन गेला. मोयरा म्हणजे मिठाईवाला. बागबाजारचा रसगुल्ला प्रसिद्ध करणारे नवीनचंद्र दास हे पुढे याच भोलाच्या नातीचे पती झाले. कविगानात दोन पक्ष समोरासमोर उभे राहून पद्यात सवाल-जबाब करीत, तेही आयत्या वेळी रचून. आपल्याकडील कलगी-तुऱ्याचेच हे भावंड. फरक एवढाच की आपले कलगीवाले आणि तुरेवाले शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ या वादातून एकमेकांवर उतरत, आणि कवियालांना जात, धंदा, अंगावरचे कपडे, काहीही चालत असे. भोलाचा नामांकित प्रतिस्पर्धी अँटनी फिरंगी हा पोर्तुगीज वंशातला, पण बंगाली गाणारा आणि बंगाली राहणीचा. त्याच्या धर्मावरून आणि वेषावरून भोला त्याला टोचीत असे. अँटनी तितक्याच तयारीने उलट वार करीत असे. ऐकणारे दोघांनाही दाद देत. नंतरच्या पिढीत याच भागात ‘पक्षीर दल’ म्हणून गांजाच्या बैठकीतील रसिकांचे एक टोळके होते. त्यातील प्रत्येकाने एकेका पक्ष्याचे नाव घेतलेले असे. रूपचंद पक्षी हे त्यांच्यातले ख्यातनाम गीतकार. बंगालीत इंग्रजी शब्द मिसळून रचलेली त्यांची गाणी इंग्रजाळलेल्या बाबूंची हजामत करीत.

याच मातीत नाटकाचे वेड रुजले. १८६८ साली बागबाजारच्या हौशी तरुणांनी दीनबंधू मित्र यांचे ‘सधवार एकादशी’ हे प्रहसन पूजेच्या दिवसांत एका घरी करून दाखविले. दीनबंधू हे टपाल खात्यातले सरकारी अधिकारी. नोकरी सांभाळून त्यांनी लिहिलेल्या नाटकांनी सरकारला आणि समाजाला पुरेसा त्रास दिला, हे विशेष. प्रहसनातील निमचंद हा दारूच्या नशेत इंग्रजी कवींची वचने फेकणारा सुशिक्षित तरुण. ती भूमिका गिरीशचंद्र घोष यांनी केली, आणि बंगाली रंगभूमीला तिचा एक जनक मिळाला. पुढे ७ डिसेंबर १८७२ रोजी या मंडळींनी तिकीट लावून ‘नॅशनल थिएटर’ सुरू केले, तेव्हा गिरीशबाबू बाजूला झाले. इतक्या तुटपुंज्या सामग्रीला ‘नॅशनल’ म्हणणे त्यांना पसंत नव्हते. त्यांनी काय करावे? मित्रांच्या नावांवर कोट्या करून एक उपहासगीत रचले. ते गावभर झाले. आणि फेब्रुवारी १८७३ मध्ये तेच गिरीशबाबू त्याच मित्रांबरोबर ‘कृष्णकुमारी’ नाटकात भीमसिंहाची भूमिका करीत होते. जेस्ट म्हणजे काय हे एखाद्या परकीयाला समजावून द्यावयाचे असेल, तर या गाण्याची आणि त्यानंतरच्या या दोस्तीची हकीकत पुरे.

दुसरा प्रसंग इतका गोड नाही. त्याच सुमारास डेव्ह कार्सन नावाचा गोरा विनोदी नट कलकत्त्यात खेळ करी. बंगाली बाबूचे मोडके इंग्रजी आणि त्याची लाचारी यांची नक्कल ही त्याच्या कार्यक्रमाची मुख्य चीज. गोरे प्रेक्षक पोट धरून हसत. जाहिरातीत तो स्वतःच्या खेळाला ‘पक्का तमाशा’ म्हणवी. बागबाजारच्या मंडळींतील अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी १८७३ मध्ये त्याला उत्तर दिले ते लेख लिहून नव्हे, निषेधाची सभा भरवूनही नव्हे. त्यांनी ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’ जाहीर केला, साहेबी पोशाख चढविला, व्हायोलिन घेतले आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत साहेबाची नक्कल केली. कार्सनचा खेळ जेस्ट होता काय? त्याला आणि त्याच्या प्रेक्षकांना तसे वाटत असणार. पण ज्याच्यावर हसावयाचे तो त्या नाट्यगृहात बरोबरीने बसलेलाच नव्हता. मुस्तफींनी नक्कल परतवून दोघांना एका पातळीवर आणले.

सरकारला मात्र ही बरोबरी मानवणारी नव्हती. १८७५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, कलकत्त्यास आले. ३ जानेवारी १८७६ रोजी भवानीपूरचे सरकारी वकील जगदानंद मुखोपाध्याय यांनी त्यांना आपल्या घरी नेले आणि घरातील स्त्रियांकडून त्यांचे स्वागत करविले. पडदा पाळणाऱ्या समाजात मोठी खळबळ झाली. हेमचंद्र बंद्योपाध्यायांनी ‘बाजीमात’ हे उपरोधिक काव्य लिहिले, आणि बिडन स्ट्रीटवरील ग्रेट नॅशनल थिएटरने ‘गजदानंद ओ युवराज’ हे प्रहसन रंगभूमीवर आणले. हे थिएटर बागबाजारचे भुवनमोहन नियोगी यांच्या पैशाने उभे राहिले होते. हुगळीकाठच्या त्यांच्या घरात नॅशनल थिएटरच्या तालमी चालल्या होत्या. पोलिसांनी प्रयोग थांबविला. मंडळींनी नाव बदलून तोच खेळ पुन्हा केला. तोही बंद झाल्यावर त्यांनी पोलिसांवरच एक प्रहसन रचले आणि त्याला डुक्कर व मेंढी यांचे पोलीस अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. पोलीस कमिशनर होते सर स्टुअर्ट हॉग आणि त्यांचे सुपरिंटेंडेंट होते लॅम्ब. हॉग म्हणजे डुक्कर, लॅम्ब म्हणजे कोकरू. कवियालांच्या गावचीच ही कोटी, फक्त आता इंग्रजी भाषेत आणि इंग्रज अधिकाऱ्यावर.

हॉगसाहेब हसले नाहीत. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी २९ फेब्रुवारीलाच नाटकांना बंदी करण्याचा अधिकार देणारा वटहुकूम काढला होता. ४ मार्च रोजी थिएटरवर धाड पडली. दिग्दर्शक उपेंद्रनाथ दास आणि व्यवस्थापक अमृतलाल बसू यांना एक एक महिन्याची कैद झाली. आरोप मात्र डुकराचा नव्हता, राजपुत्राचाही नव्हता. ‘सुरेंद्र-विनोदिनी’ या भलत्याच नाटकातील अश्लीलतेचा होता, आणि हायकोर्टाने दोघांना निर्दोष सोडले. थट्टेबद्दल शिक्षा करावयाची तर प्रथम ती आपल्याला लागली हे कबूल करावे लागते. अधिकारी माणसाला ते जड जाते. अमृतलाल पुढे ‘रसराज’ म्हणून गाजले आणि १९२९ पर्यंत हयात होते. हॉगसाहेबांचे नाव १९०३ साली शहरातल्या नव्या बाजाराला देण्यात आले. आजही जुने लोक न्यू मार्केटला हॉगसाहेबांचा बाजार म्हणतात.

वटहुकुमाचा कायदा झाला तो त्याच वर्षी डिसेंबरात : १८७६ चा एकोणिसावा, नाट्यप्रयोग कायदा. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारा किंवा प्रेक्षकांची नीती बिघडविणारा कोणताही प्रयोग बंद करण्याची मुभा त्याने प्रांतिक सरकारांना दिली. थट्टेने केले, हा बचाव त्यात कोठे नाही. हेतूचा विचारच नको, परिणामाची शक्यता पुरे, असे त्याचे धोरण.

कलकत्त्यातील एका प्रहसनाने जन्मास घातलेला हा कायदा मराठी माणसाच्या दारी येण्यास चौतीस वर्षे लागली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात विनोदाचा भाग गौण. पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला आणि द्रौपदीत भारतमातेला ओळखले. येथे जेस्टची उलटी बाजू दिसते. जेस्टमध्ये बोलणारा म्हणतो की मी म्हटले ते मला म्हणावयाचे नव्हते. खाडिलकरांच्या नाटकात पात्रे जे म्हणत नव्हती तेच सर्वांना ऐकू येत होते. १९१० साली मुंबई सरकारने या नाटकावर बंदी घातली. महाभारतातील कथा आहे, एवढे उत्तर पुरेसे मानले गेले नाही.

स्वातंत्र्यानंतरही कायदा पुस्तकात राहिला. लखनौमध्ये १९५३ साली प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेच्या नाट्यप्रयोगावरून काही नटांवर त्याच्याखाली खटला झाला. १९५६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने हा कायदा राज्यघटनेशी विसंगत ठरविला. मेळ्यातून खेळणी न घेता आजीसाठी चिमटा आणणाऱ्या लहानग्या हमीदची ही गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांना आक्षेपार्ह वाटावी, यातील थट्टा कोणी हेतुपुरस्सर केलेली नव्हती. कायदा पूर्णपणे रद्द झाला तो २०१८ च्या जानेवारीत, इतर अनेक जुन्या कायद्यांबरोबर, एकाच यादीत.